नदीकाठचं गाव

ऑनलाइन खेळातल्या जादूच्या राज्यासाठी आम्रपाली धारूरच्या घरात बसून गावं आणि नद्या तयार करायची. झाडं, धुकं, ऊन, पाणी, सगळं खऱ्यासारखं दिसलं पाहिजे, हेच तिचं काम. या खेपेला तिनं नदीकाठचं गाव केलं होतं, आणि नदी बाराही महिने दुथडी भरून वाहणारी.

भरदुपारी टँकरचा हॉर्न वाजला तशी ती काम टाकून उठली. आईबरोबर दारापुढची पाण्याची सगळी टिपाडं भरून घेतली आणि ओले हात ओढणीला पुसत पुन्हा कॉम्प्युटरपुढं येऊन टेकली. तेवढ्यात पुण्याहून खेळाच्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला.

"नदी एक नंबर जमलीय, मॅडम. पाण्यावरचं ऊनसुद्धा. पण एवढी नदी उशाशी असताना प्रत्येक घरापुढं ही लाकडी पिंपांची रांग कशाला?"

आम्रपालीनं स्क्रीनवर नीट पाहिलं. खरंच की! राजवाड्याच्या पायरीलासुद्धा दोन पिंपं टेकवलेली होती, आणि ती आपण कधी ठेवली हे काही केल्या तिला आठवेना.

"काढते सर," एवढंच ती म्हणाली आणि एकेका घरापुढचं पिंप पुसून टाकायला लागली.

तिची आई, पारूबाई, कंबरेवर हात ठेवून मागं उभी राहून बघत होती. टिपाडं भरून तिचा जीव अजून थाऱ्यावर आला नव्हता.



"समदी नको काढू गं बाई. दोन तरी राहू दे. नदीचा काय भरवसा हाय?"