दिवसाचा शुक्र

ढग फाटले तेव्हा राजाच्या वेधशाळेतला निरीक्षक प्यो अंगणात मान वर करून उभा होता. आठ दिवस त्याचं हेच चाललं होतं. मान आखडली होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. शुक्र सध्या भर दुपारीही दिसावा इतका तेजस्वी होता. पण चार-सहा दिवसांत तो सूर्याकडे सरकणार, मग दिवसा दिसायचं नावच नको.

दिवसा शुक्र दिसणं म्हणजे राज्याला अपशकुन. तशी वर्दी गेली की राजा प्रायश्चित्त म्हणून ताटातले पदार्थ कमी करायचा आणि किरकोळ गुन्ह्यांचे कैदी सोडून द्यायचा. प्योचा सासरा महिनाभर तुरुंगात होता. राखीव डोंगरावरचं पाइनचं झाड तोडून त्यानं चुलीत घातलं होतं. थंडी हाडं फोडत होती आणि म्हातारा रक्त खोकत होता.

प्योची बायको दाल्ले जेवण घेऊन आली. अपशकुनासाठी देव पाण्यात घालून बसलेली अख्ख्या हानयांग राजधानीत ती एकटीच असावी. दिसला म्हणून लिहून टाका, असं ती रोज सांगायची. पण वीस वर्षांत न दिसलेलं त्यानं कधी लिहिलं नव्हतं.

"तुमचा खरेपणा बाबांना पांघरायला नेऊन देऊ का?" आज तिनं विचारलं.

प्योनं डोळे पुसून पुन्हा मान वर केली. तिनं उसासा टाकला, वाडग्यावरचं पितळी झाकण काढलं आणि हात उंच करून सूर्याच्या आड धरलं. त्याच्या डोळ्यांवर सावली पडली.

"बघा आता. निवू दे जेवण."

त्यानं डावीकडे, छपराच्या टोकावर नजर लावली. बराच वेळ नुसतं निळं. मग मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका. तो हलला नाही, विझला नाही.

प्योच्या जिवात जीव आला.

"आहे," तो म्हणाला.

दाल्ले रडता रडता हसायला लागली. अपशकुन आहे, हसू नकोस, असं तिला दटावताना तोही हसला.

वर्दी घेऊन वेधशाळेचा मुख्य अधिकारी बांग राजवाड्यावर गेला आणि संध्याकाळी परतला. राजानं जेवणातले पदार्थ कमी केले होते. झाडं तोडणारे सगळे उद्या सकाळी सुटणार होते. प्यो जमेल तितकं तोंड पाडून उभा राहिला.

बांगनं प्योच्या हातची वर्दीची नक्कल दप्तरात ठेवायला घेतली, मग खिडकीपाशी नेऊन पाहिली.

"चाळीस वर्षं अपशकुन वाचतोय, प्यो," तो म्हणाला. "इतक्या सुरेख अक्षरातला हा पहिलाच."