रुमाल म्हणजे रुमाल

घाईघाईत खिडकीतून रुमाल टाकून मी जागा धरली आणि दाराकडे वळले, तोवर बस सुटलीच. आईनं भरतकाम केलेला रुमाल! मी रिक्षात उडी मारली. "दादा, त्या बसच्या मागे!"

तिसऱ्या स्टॉपवर बस गाठली. आत मुंगी शिरायलाही जागा नव्हती, पण माझी सीट रिकामी! शेजारी एक आजोबा हाताची घडी घालून बसलेले.

"कंडक्टरलाही टेकू दिलं नाही," ते म्हणाले. "रुमाल म्हणजे रुमाल!"

अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. मी महाराणीसारखी बसले.

"कुठे जायचं, ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"कोथरूड. दहाला ऑफिसात पोचायचंय."

"ही हडपसरची बस आहे."

टाळ्या थांबल्या. आजोबांचा चेहरा उतरला.

"मग हडपसर द्या," मी म्हणाले.