चपलेचा शिक्का

"शिक्का कुठाय?" जेलर लादोने कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "मौलाना, शिक्का नाही तर सुटका नाही."

आमच्याकडे न्यायाधीशाला मौलाना म्हणतात, बाई असली तरी. चार वर्षं या काउंटीला न्यायाधीशच नव्हता. तुरुंगात एकतीस माणसं खटल्याशिवाय कुजत होती. मग राजधानीतल्या, जुबाच्या सरकारने एकदाची आयेनची नेमणूक केली. हातात पत्र दिलं. टेबल नाही, खुर्ची नाही, शिक्का नाही. माणूस नेमायचा आणि हात बांधून पाठवायचा, याला हे लोक राज्य करणं म्हणतात.

सकाळीच तिने तुरुंगाच्या अंगणात, चिंचेखाली, पाण्याच्या कॅनवर बसून पहिला खटला चालवला होता. वोलचा. आयुक्तांचा खोटा शिक्का बनवला, हा गुन्हा. वोलची बायको बाळंतपणात अडली होती. नाक्यावरचे शिपाई शिक्क्याच्या परवान्याशिवाय गाडी सोडेनात. आयुक्त सहा महिने जुबात, शिक्का त्यांच्या खिशात. वोलने चपलेच्या रबरातून शिक्का कोरला. बायको वाचली, मूल वाचलं. वोल दोन वर्षं आत.

"केलंस का?"

"केलं, मौलाना. आणि झकास केलं. नाक्यावरच्याने सलाम ठोकला."

शिक्षा सहा महिने. ती चौपट भोगून झाली होती. सोडा, असं तिने लिहिलं. आणि आता हे.

"जुबाला लिहा," लादो म्हणाला. "येईल वर्षभरात."

भिंतीशी बसलेल्या तीस जणांनी माना खाली घातल्या.

आयेनने उजव्या पायातली चप्पल काढून वोलपुढे टाकली. "कोर. काउंटी न्यायालय. माझं नाव नको, नुसतं पद घाल. मी गेले तरी चालला पाहिजे."

"अहो, याच्यासाठीच तर मला आत टाकलंय!"

"तेव्हा चोरून केलंस. आज न्यायालय सांगतंय."

लादो आत गेला आणि दाढीचं ब्लेड घेऊन आला. "मला शिक्का हवा," तो पुटपुटला. "कुठून आला ते विचारणं माझं काम नाही."

पेन फोडून शाई काढली. पहिला ठसा वोलच्याच कागदावर उमटला. महिनाभरात एकवीस जण घरी गेले, उरलेल्यांना निदान आपली शिक्षा किती ते कळलं.

आठ महिन्यांनी जुबाहून डबीतून पितळी शिक्का आला. आयेनने तो मारून एक हुकूम तुरुंगात पाठवला. लादो कागद घेऊन धावतच आला.

"मौलाना, सांभाळा! कुणीतरी तुमचा खोटा शिक्का बनवलाय."