आहे तशी

पेंटरने चित्रावरचं फडकं ओढलं आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. बघायला दोघंच होते, शेजारचा फ्रेमवाला आणि समोरचा घड्याळजी. जिचं चित्र होतं ती पेंटरची लेक कामावरून यायची होती.

पैज फ्रेमवाल्याने लावली होती. पेंटरच्या चित्रांना तीस वर्षं चौकटी ठोकून देणारा हा माणूस एके दिवशी चहा पिता पिता बोलून गेला, की तुझी सगळी गिऱ्हाइकं एकाच आईची लेकरं दिसतात. फोटोवरून कुणीही रंगवेल, जितंजागतं माणूस समोर बसवून काढून दाखव. पेंटरला ते झोंबलं. लेक तिथेच होती. ती म्हणाली, मला बसवा. तुमच्या दुकानाच्या काचेत जन्मभर परक्यांचे आईबाप टांगलेत, आता मला टांगा. आणि वर म्हणाली, आहे तशी काढा.

सात रविवार ती स्टुलावर बसली. पेंटरने काचेतलं जुनं नमुन्याचं चित्र उतरवून खिळा मोकळा करून ठेवला होता.

घड्याळजीने सवयीने एक डोळा बारीक केला. केस न केस वेगळा आहे, म्हणाला. मानेवरची सावली तर हात लावून बघावीशी वाटते, म्हणाला. मग चेहऱ्याकडे आला आणि नुसतंच ‘वा’ म्हणून थांबला. फ्रेमवाल्याने बराच वेळ पाहिलं. मग खिशातून टेप काढून लांबी-रुंदी मोजली आणि पट्टी सागवानी लावू, एवढंच बोलला.

“हरलास ना?” पेंटरने विचारलं.

“हरलो म्हण,” फ्रेमवाला म्हणाला आणि टेप गुंडाळायला लागला.

पेंटरची छाती दोन बोटं फुगली.

तेवढ्यात लेक आली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघायच्या, सैल की घट्ट. खांद्यावरची पिशवी न उतरवता ती चित्रासमोर तशीच वाकून उभी राहिली. आधी डोळे पाहिले, मग नाक, मग खाली. आणि हसली.

“बाबा, ही कोण? मला बहीण होती नि सांगितलं नाहीत?”

पेंटरही हसला. हसत हसत त्याने लेकीकडे पाहिलं, मग चित्राकडे पाहिलं, आणि हसायचा थांबला.

लेकीचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता. तान्ही असतानाच शिवून घेतला होता. नाकापासून ओठापर्यंत एक तिरकी रेघ राहिली होती आणि त्या जागी ओठ जरासा वर ओढला गेला होता. चित्रातला ओठ सलग होता. दोन्ही बाजू सारख्या, कोरून काढल्यासारख्या.

पेंटर बोलायला लागला. सवय गं, दुसरं काही नाही. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, तीळ काढा, वडिलांचे दात भरा, आईच्या सुरकुत्या कमी करा. हात आपोआप जातो, मनात काही नव्हतं. तो खरंच सांगत होता, पण त्याचंच बोलणं त्याला पकडलेल्या चोराच्या बोलण्यासारखं ऐकू येत होतं. आधारासाठी त्याने फ्रेमवाल्याकडे बघितलं. फ्रेमवाला गुंडाळलेली टेप पुन्हा उलगडत होता. दुकान उघडं टाकून आलोय, असं पुटपुटत घड्याळजी पायरी उतरला. तेव्हा पेंटरच्या ध्यानात आलं. दोघांनाही दिसलं होतं. दोघांनीही त्याची लाज राखायला तोंडं मिटून घेतली होती. आणि आपण मात्र विचारत होतो, हरलास ना.

लेक चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. तिने स्टूल ओढलं, पिशवी मांडीवर घेतली आणि दुकानातल्या गमती सांगाव्यात तसं सांगायला लागली. नवं गिऱ्हाईक आलं की त्याची नजर आधी ओठावर येते, तिथे ठेचकाळते आणि धावत चष्म्याच्या किमतीवर जाते. पोरं तरी बरी, सरळ विचारतात, काय लागलं म्हणून. मोठी माणसं भाव करायचं विसरतात. आता त्याचं काही वाटत नाही, म्हणाली.

मग ती पुन्हा चित्राकडे वळली.

“मला वाटायचं, तुम्हाला एकट्याला ती रेघ दिसत नाही,” ती म्हणाली. “कधी त्यावर बोलला नाहीत ना. म्हणून तर म्हटलं होतं, तुम्ही काढा.”

फ्रेमवाला केव्हा बाहेर गेला ते पेंटरला कळलं नाही.

“बस,” तो म्हणाला. “आत्ता करतो.”

त्याने सगळ्यांत बारीक ब्रश घेतला. पांढऱ्यात किंचित गुलाबी मिसळला, टोकाने कणभर तपकिरी ओढला. लेकीने आपणहून हनुवटी वर केली आणि नीट दिसावं म्हणून तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं.

पेंटरने रेघ काढली. नाकाखालून सुरू केली, मध्ये वळते तिथे वळवली, ओठाशी येऊन जाड होते तिथे जाड केली. ओठाचा कोपरा होता तेवढाच वर उचलला. पुसावं लागलं नाही, दुसऱ्यांदा हात फिरवावा लागला नाही.

ब्रश खाली ठेवला तेव्हाही लेक हनुवटी वर धरूनच बसली होती. तो एकदाही तिच्याकडे वळला नव्हता.