तेवीस जणी

हेमाने गुंडाळी सोडून ड्रॉइंग पेपर पलंगावर पसरला. कोपरे उलटत होते, म्हणून सरोज सिस्टरांनी एकावर औषधांचा डबा ठेवला, दुसऱ्यावर चष्म्याचं घर.

"हे काय गं, नकाशा?"

"तसंच समजा. नर्सेसना कामाचा थकवा किती येतो, यावर आपल्याकडे निघालेले सतरा लेख. कुणी कुणाचा आधार घेतला, ते बाणांनी दाखवलंय."

सगळे बाण फिरून फिरून एकाच वर्तुळात शिरत होते. आत लिहिलं होतं : ठाणे, १९८४, परिचारिका २३.

त्या अहवालात म्हटलं होतं, 'थकवा फारसा दिसला नाही.' चौथ्या लेखात त्याचं 'आढळत नाही' झालं, अकराव्यात 'नसतो हे सिद्ध झाले आहे.' आणि बहुतेकांनी हवाला दिला होता पान एकेचाळीसचा.

"अहवाल एकोणीस पानांचा आहे," हेमा म्हणाली. "म्हणजे उघडून कुणी बघितलाच नाही. मीही आधी नव्हता बघितला. माझ्या प्रबंधातसुद्धा ते वाक्य आहे, पान एकेचाळीससकट. परवा मूळ प्रत मिळाली. आभारात तुमचं नाव होतं, म्हणून डोंबिवलीहून शोधत आले. सिस्टर, त्या तेवीस जणींनी खरंच तसं लिहिलं होतं?"

सरोज सिस्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. अहवाल निघून आठ वर्षं झाली होती; हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"फॉर्म नावानिशी होते. भरून मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवायचे. कोण लिहिणार, थकले म्हणून? दुपारी ड्यूटी बदलताना मीच सगळ्यांना म्हटलं, 'कधीच नाही'च्या रकान्यात खुणा करा नि मोकळ्या व्हा."

"सगळ्यांनी केल्या?"

"सगुणाने नाही. चेंदणी कोळीवाड्यातली, एक नंबरची फटकळ. म्हणाली, 'बाय, कंबर मोरली माजी, न् तू मना बरी हाय लिवाला सांगतंस?' फॉर्म तसाच टाकून गेली वॉर्डात."

"मग?"

"मग मी भरला. म्हटलं, उगाच मेट्रनच्या डोळ्यावर येईल ही. खुणाच करायच्या होत्या. खुणांना कुठे अक्षर असतं?"

हेमाने पेन्सिल काढली होती. ती तशीच हातात राहिली.

"दिवाळीच्या तोंडावर गेली ती," सिस्टर म्हणाल्या. "लागोपाठ तिसरी डबल ड्यूटी. जरा टेकते म्हणून स्टुलावर बसली, ती उठलीच नाही. चौतीस वर्षांची होती गं."

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं. ती संपली. सिस्टर कागदावर वाकल्या. कडेच्या एका लेखापासून बाण धरून त्यांचं बोट आत आत सरकत गेलं.

"यात सगुणा कुठे आहे?"

हेमाने वर्तुळातला तेवीसचा आकडा दाखवला.

सिस्टरांनी त्या आकड्यावर तीन बोटं ठेवली, मनगटावर ठेवतात तशी हलकी, आणि सवयीने त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.