गुंडावरचं नाव

"यातला सगळ्यात जड कोनता?" धुरपतानं विचारलं.

छोटेलाल दुकानदारानं मागच्या फळीवरचा पितळी गुंड दोन्ही हातांनी उतरवून तिच्यापुढं ठेवला. तिनं तो कमरेवर घेऊन पाहिला. पाण्याचं भांडं, अजून रिकामंच, तरी तिची कंबर एका अंगाला कलली. शामकलाची कंबर तिनं मागच्या महिन्यात पाहिली होती, कोवळी, वाऱ्यानं वाकेल अशी.

"हाच द्या," ती म्हणाली.

शामकला तिची होणारी सवत. धुरपताची कूस उजवली नाही म्हणून यादोरावाचं दुसरं लग्न ठरलं होतं. पोरीचा बाप रिकाम्या हातानं लेक देत होता, आणि मांडवात आंदणाची भांडी दिसली नाहीत तर हसं नवरदेवाच्या घराचं झालं असतं. तेव्हा भांडी इकडूनच घेऊन गुपचूप पोरीच्या बापाकडं पोचवायची होती. ती निवडायला सासूनं धुरपतालाच बैलबंडीत बसवून दवनीवाड्याहून गोंदियाला आणलं. भांड्यांची पारख तुझ्याएवढी घरात कोणाला आहे, असं वर प्रेमानं म्हणालीही.

सासू, भिवराबाई, गादीच्या कडेला बसून माळ ओढत होती. सोमवार होता. सोमवारी कोणाला कडू शब्द बोलायचा नाही, हा तिचा नेम. तो तिनं आजवर मोडला नव्हता.

धुरपतानं वाटेतच मनाशी ठरवलं होतं. पाण्याचा गुंड घ्यायचा. परातीसारखं कोपर घ्यायचं, घंगाळ घ्यायचं, पाणी प्यायचे गडवे घ्यायचे. चुलीवर चढेल असं मात्र एकही भांडं घ्यायचं नाही. नव्या पोरीनं पाणी भरावं, अंगण सारवावं, देवानं दिली तर लेकरं जन्माला घालावी. चूल आपली राहिली, यादोरावाच्या ताटात भात वाढणारा हात आपला राहिला, की घरातली जागाही राहील. एवढंच तिला हवं होतं.

छोटेलाल भाताचा गंज दाखवी, तर तिला त्याचं बूड पातळ वाटे. वरणाच्या बटलोईचा काठ तिरपा निघाला. कढई तिनं हातातही घेतली नाही. माल थेट भंडाऱ्याचा आहे, हवं तर देवाची शपथ घेतो, असं तो सांगत राहिला. ती मान हलवत राहिली.

निवडलेली भांडी ओळीनं मांडून झाली. भिवराबाईनं माळ थांबवली.

"चुलीवरचं काही नाही घेतलं, बाई?"

"घरी हाये ना, आत्याबाई. माह्या माहेरचं सारं चांगलंच हाये. नवीन कायले घ्याचं?"

भिवराबाईनं तिच्याकडं मायेनं पाहिलं. "बरोबर म्हनून राहिली तू. घरी असल्यावर कायले घ्याचं."

धुरपताच्या छातीवरचं ओझं उतरलं.

पायरीवर भांड्यांवर नावं घालणारा सेवकराम छिन्नी-हातोडी घेऊन बसला होता. त्यानं गुंड पुढं ओढला आणि कोणाचं नाव घालू म्हणून विचारलं. धुरपतानंच पुढं होऊन शामकलाचं नाव सांगितलं.

"थांब रे बाबा," भिवराबाई हळूच म्हणाली. "गुंडावर धुरपता घाल."

आपण चुकीचं ऐकलं, असं धुरपताला वाटलं. सासू तिच्याकडं पाहतही नव्हती. ती सेवकरामाला नीट समजावून सांगत होती. शामकलाचं नाव गंजावर, बटलोईवर, कढईवर घालायचं. ती भांडी घरी आहेत, उद्या बंडीत पाठवते. त्यांवर जुनं नाव आहे, तेवढं आधी घासून काढायचं.

"कानसनं निघते," सेवकराम म्हणाला. "पन थोडी खूण राहते, माय."

"राहू दे. चुलीवर काळं पडलं का दिसत नाही."

"आत्याबाई," धुरपता म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, "आत्याबाई, ते माह्या बाबानं देल्लं हाये."

"तूच तर म्हनली, बाई, सारं चांगलं हाये म्हनून. नव्या नवरीले चांगलंच द्या लागते."

छोटेलाल घंगाळावरची धूळ फडक्यानं पुसत राहिला.

सेवकरामानं छिन्नी टेकवली आणि पुन्हा वर पाहिलं. नुसतं धुरपता घालू, का मागं यादोरावजीचं नाव?

"नुसतं धुरपता," भिवराबाई म्हणाली. "यादोरावचं तिकडं येईल."

गुंड गोल, पायरीवर ठरेना. सेवकरामानं धुरपताला तो जरा धरायला सांगितला. ती खाली बसली. गुंड दोन्ही गुडघ्यांत घेऊन तिनं त्याचा गळा घट्ट धरला. हातोडी पडू लागली. प्रत्येक घावाबरोबर रिकामं पितळ दणदणत होतं, आणि तो दणका तिच्या मांड्यांतून पोटापर्यंत जात होता. तिला वाचता येत नव्हतं. एकामागून एक उमटणारे ठिपके ती नुसती पाहत होती.

छोटेलालला त्या आवाजाचं मोठं कौतुक वाटलं. "सुना माताजी? असली माल आहे. बहूनं काय निवडला. तुमचे नातू-पंतू याच गुंडाचं पानी पितील."

"पितील ना," भिवराबाई म्हणाली, आणि माळ पुन्हा सुरू केली. "भरनारी हाये घरात."