फेब्रुवारीतला तीळ

मार्लीननं लोवेलच्या डाव्या कानावरचे केस बाजूला केले आणि तिचा मेकअपचा ब्रश हवेतच थांबला.

"लोवेल, हा तीळ केवढा झालाय!"

लोवेल आरशात बघून संवाद पुटपुटत होता. तीस वर्षं लॉस एंजेलिसात नट म्हणून काढलेली. एका छोट्या सिनेमात नायक, बाकी टीव्हीवर मेलेली माणसं. या मालिकेतही फेब्रुवारीत तो शवागारातल्या टेबलावर नुसता पडून होता. लेखकांना मुडदा आवडला. म्हणून आज, मे महिन्यात, त्या मुडद्याचा शेवटचा जिवंत तास चित्रित व्हायचा होता. दोन पानं संवाद! बिचाऱ्याचं नशीबही मेल्यावरच उघडलं.

मार्लीननं फेब्रुवारीतला फोटो त्याच्यापुढे धरला. पुढच्या वेळी मेकअप जुळावा म्हणून ती प्रत्येकाचा फोटो काढून ठेवायची. फोटोत कानाखाली मसुराएवढा तीळ होता. आता तो शर्टाच्या बटणाएवढा झाला होता, कडा वेड्यावाकड्या.

"तेव्हाच म्हटलं होतं, डॉक्टरला दाखवून घे. आता मीच जाऊन सांगते सेटवर."

"सांग की. सीन कापून मोकळे होतील. मुडदा तर त्यांच्याकडे आहेच."

"अरे, जिवापेक्षा मोठा आहे का सीन?"

दारावर थाप पडली. "लोवेल, पाच मिनिटं!"

"फोटोशी जुळव, मार्लीन," तो हळूच म्हणाला. "तुझं कामच आहे ना ते?"

तिला त्याचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण हात आपोआप डबीकडे गेला होता. तिनं कातडीच्या रंगाचा लेप घेऊन कडा झाकत आणल्या. मधे मसुराएवढा ठिपका तेवढा ठेवला.

सेटवर लोवेल दोन्ही पानं एका दमात बोलला. कॅमेरा थांबला तरी कुणी हललं नाही. मग टाळ्या पडल्या. मार्लीन धावत गेली, स्पंजनं त्याच्या कानाखालचा, मानेवरचा घाम टिपून परत आली.

दिग्दर्शक जुना फोटो मॉनिटरच्या पडद्याशेजारी धरून बघत होता. "कमाल आहे! तीन महिने झाले, पण माणूस तसाच्या तसा!"

लांबून लोवेलनं तिला हात केला. इतका खूश तो तिला कधीच दिसला नव्हता. तिनंही हात वर केला. हातातला स्पंज लाल झाला होता.

आजच्या सीनमध्ये जखम नव्हती. खोट्या रक्ताची डबी तिनं उघडलीच नव्हती.